दुसऱ्याच्या घरचं

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आले एकदाची पुण्यात. बार्शीची गाडी साडेअकराला स्वारगेटला लागली. दोन बॅगा, पुस्तकांचं एक खोकं आणि आईने कोंबून कोंबून भरलेली फराळाची पिशवी, एवढा संसार रिक्षात घालून गुलटेकडीच्या खोलीवर पोचले. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून मार्केट यार्डाकडे जाणारे टेम्पो दिसतात आणि वारा तिकडून सुटला की कांद्याचा वास येतो. मला चालतो. भुसार बाजाराच्या वासातच वाढले आहे मी.

घरमालकीण राधाकाकू. दार उघडताच म्हणाल्या की मी एक वाजता येणार असं कळवलं होतं, आत्ता बारा वाजलेत, लवकर यायचं असेल तर तेही आधी सांगायची पद्धत असते. मग माझं खोकं स्वतःच उचलून जिन्यापर्यंत आणलं. त्यांना डबाभर चकल्या दिल्या. तासाभरात डबा परत आला, घासूनपुसून, आत शंकरपाळे. रिकामा डबा परत करत नाहीत, निदान आमच्याकडे तरी, असं वर ऐकवून गेल्या. आमच्याकडेही करत नाहीत, काकू. काहीच नसलं घरात तर चिमूटभर साखर घालतात.

आज फार बरं वाटतंय. लोकसाहित्यात पीएच.डी. करून दोन वर्षं तासिका तत्त्वावर या कॉलेजातून त्या कॉलेजात फिरले, आता कुठे खरी नोकरी. आईला फोन केला तर ती आधी रडली आणि मग विचारलं की चकल्या मोडल्या का.

पप्पा असते तर कामाच्या पाट्या अर्धवट टाकून मला स्टँडवर सोडायला आले असते. पेंटर होते. मी अकरा वर्षांची असताना गेले. त्यांचा एकच फोटो आहे, लग्नातला, आणि त्यातही तोंडावर फ्लॅश पडलाय. त्यामुळे माझ्याकडे पप्पा म्हणजे एक दुपार आहे. चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशीची. विहारासमोरच्या कमानीवर ते अक्षरं काढत होते, मी खाली निळ्या रंगाचा डबा धरून उभी. त्यांनी मला शिडीवर उचलून घेतलं, ब्रश माझ्या हातात दिला आणि माझ्या हातावर आपला हात ठेवून एक अख्खं अक्षर भरून घेतलं. टर्पेंटाइनचा वास, मानेवर त्यांचा श्वास. ही दुपार मी कधी कुणाला सांगितली नाही. आईलासुद्धा नाही. सांगितली की झिजेल अशी भीती वाटते.

७ नोव्हेंबर, गुरुवार

केंद्र खोलीपासून चालत बारा मिनिटांवर. एका ट्रस्टच्या जुन्या मंगल कार्यालयाचा वरचा मजला. पाटीवर ‘स्मृती आणि संस्कृती अभ्यास केंद्र’ असं आहे, अक्षरं कॉम्प्युटरवरून कापलेली, अगदी निर्जीव. पेंटरच्या मुलीला आधी तेच दिसणार.

माणसं मोजकी. प्रमुख डॉ. अभय सर, मूळचे मेंदूचे डॉक्टर. वीस वर्षं विसरत चाललेल्या पेशंटना तपासलं आणि मग वाटलं की आठवण फक्त डोक्यात नसते, ती गाण्यात, स्वयंपाकात आणि बोलण्यातही असते. म्हणून वैद्यक, मानववंशशास्त्र, लोकसाहित्य आणि संगणक असं सगळं त्यांनी एका छताखाली आणलं. समाधान रेकॉर्डिंग आणि संगणक बघतो. कात्रजच्या पुढचा आहे, त्याच्या आजोबांच्या शेतावर आता अकरा मजली टॉवर उभाय आणि तो त्यातच भाड्याने राहतो. हे तो हसत सांगतो. आणि निकिता चौगुले. मानववंशशास्त्र, इचलकरंजीची, वर्षभर आधी लागलेली.

पुणे शहराने गिळलेल्या गावांतल्या आणि यार्डात हयात घालवलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा करायच्या, गाणी, हाळ्या, रीतीभाती, आणि मग सगळ्यांनी मिळून शोधायचं की काय टिकतं, काय विरतं आणि का. पद्धत मात्र सरांची स्वतःची. ते म्हणाले की आपण कुणाकडून आठवण घेतो म्हणजे त्याच्या घरचा डबा घेऊन येतो, तो रिकामा परत करायचा नाही. समोरच्याला आपली एक आठवण द्यायची. आधी दिली तर उत्तम, माणूस मोकळा होतो. ऑफिसात याला ‘डबा भरणं’ म्हणतात, फॉर्मवर त्याचा रकानासुद्धा आहे. सरांनी मला दोनदा बजावलं की आठवण खरी हवी आणि स्वतःची हवी, ऐकीव नको, उसनी तर मुळीच नको. मी मान डोलावली.

जाता जाता त्यांनी हेही सांगितलं की मार्चनंतर दोन जागांतली एकच राहणार. म्हणजे मी किंवा निकिता. ती बाजूलाच उभी होती आणि माझ्याकडे बघून छान हसली. ज्याला काळजी नसते तो तसं हसतो.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिली मुलाखत. धोंडिबा म्हणून यार्डातले निवृत्त हमाल आहेत. चार जण मिळून पोतं उचलताना जी हाळी घालायचे ती त्यांना येते म्हणे, आणि ती कुठेही नोंदलेली नाही. मी डबा भरला. चौथीच्या स्कॉलरशिपमध्ये तालुक्यात दुसरी आले तेव्हाची आठवण सांगितली. धोंडिबा म्हणाले, चांगलं हाय, शिकावं माणसानं. मग त्यांनी चहा मागवला, गुडघेदुखीबद्दल बोलले आणि मी परत आले.

दुपारी निकिता गेली. तासाभरात हाळी घेऊन आली. एक नाही, तीन. शिवाय धोंडिबा रडले म्हणे आणि जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. सरांनी सगळ्यांना बोलावून ते रेकॉर्डिंग ऐकवलं. मी टाळ्या वाजवल्या. नाकाला मिरच्या झोंबलेल्या असताना टाळ्या वाजवणं फार अवघड काम आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

जळते मी तिच्यावर. निदान इथे तरी खरं लिहावं.

तिला काही करावं लागत नाही. कुठल्याही घरात जाते, फरशीवर मांडी घालते आणि माणसं कपाटं उघडावीत तशी उघडतात. सर तिला निकिता म्हणतात, मला सरवदे मॅडम. परवा ती एक फाइल द्यायला माझ्या खोलीवर आली तर राधाकाकूंनी तिला चहा दिला, वर आल्याच्या वड्या. मला येऊन तीन आठवडे झाले, अजून पाणी विचारलेलं नाही. रात्री जेवताना मी त्या वड्यांचा विचार करत होते, इतकी खालच्या पातळीला गेले आहे.

तिचं काय चालतं ते मला आता कळलंय. तिची एक आठवण आहे, तीच ती सगळीकडे देते. आजोबांच्या कारखान्यात चाळीस माग एकदम चालायचे, त्या खडखडाटात आजोबा कधी बोलायचेच नाहीत, कारण ऐकू काय येणार. पण दुपारी लाइट गेली की सगळे माग एकाच वेळी थांबायचे आणि त्या शांततेत आजोबा तिला मांडीवर घेऊन हळू आवाजात बोलायचे. लाइट येईपर्यंतच. एवढंच. मी समाधानकडून फाइल मागून घेतली. अकरा वेळा ऐकली. अकराही वेळा आवडली आणि अकराही वेळा तिचा राग आला. माझ्याकडे याच्या तोडीची एकच आहे आणि ती मी कुणाच्या डब्यात घालणार नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

आज मी केलं.

सरुबाईंकडे गेले होते. वय ऐंशीच्या पुढे. चाळीस वर्षं यार्डात कांदा निवडला, आता कात्रजच्या बाजूला मुलाच्या फ्लॅटमध्ये सातव्या मजल्यावर असतात. त्यांच्याकडे जात्यावरच्या ओव्यांचा खजिना आहे. निकिता दोनदा जाऊन आली, त्यांनी तिला एकही दिली नव्हती. म्हणजे इथे मी जिंकले तर मार्चचा प्रश्न मिटला.

बसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं की माझ्या आजोबांचे इचलकरंजीला माग होते. पुढचं सगळं सरळ आलं, अडखळले नाही. सरुबाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग डोळे मिटून म्हणायला लागल्या. दोन तास म्हटलं. सत्याऐंशी ओव्या, त्यातल्या तीस-बत्तीस तरी मी कुठेच वाचलेल्या नाहीत. परत येताना बसमध्ये सगळ्या ओव्या पुन्हा मोजल्या. फॉर्मवर ‘स्वतःची’ या रकान्यात बरोबरची खूण केली. कुणाचं काय गेलं त्यात? आठवण म्हणजे काही पर्स नाही, की मी घेतली तर तिच्याकडे राहणार नाही.

९ डिसेंबर, सोमवार

सरांनी माझी पाठ थोपटली. सगळ्यांसमोर. तनुजा म्हणाले.

दुपारी बेंगळुरूहून काही पाहुणे आले होते. सरांनी निकिताला सांगितलं की तुझी ती मागांची आठवण सांग, म्हणजे यांना डबा भरणं म्हणजे काय ते कळेल. ती उभी राहिली. तोंड उघडलं. मिटलं. सरांनी आठवण करून दिली, आजोबा, माग, लाइट. ती म्हणाली की आजोबा बहुतेक शेती करायचे, तिला नक्की माहीत नाही. बसताना पांढरीफटक पडली होती.

आणि मी तिथे बसल्या बसल्या तेलाचा वास घेत होते. मागाच्या तेलाचा. आजोबांच्या अंगठ्याचं नख अर्धं तुटलेलं होतं. हे तिच्या रेकॉर्डिंगमध्ये कुठेच नाही. अकरा वेळा ऐकलंय, मला माहीत आहे.

घाबरायला हवं होतं. मला मजा वाटली. हे प्रामाणिकपणे लिहून ठेवते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे तिच्यापेक्षा जास्त होतं.

१८ डिसेंबर, बुधवार

आणखी तीन घेतल्या. आषाढात पंचगंगेला पाणी चढलं तेव्हाची, शाळेतल्या मैत्रिणीने भांडण मिटवलं तेव्हाची, आणि एक तिच्या आईची. सगळ्या तिच्या जुन्या फायलींमध्ये होत्या. तिन्ही घरं उघडली. निकिता आता मुलाखतींना जात नाही, डोकं दुखतं म्हणून सुट्टी टाकून गावी गेली आहे. तिचं टेबल रिकामं बघून बरं वाटतं.

आज ओव्या तपासायला सरुबाईंकडे गेले. त्यांनी सुनेला आत पाठवलं आणि मग मला म्हणाल्या की बाई, त्या दिशी तू जे वाढलंस ते तुज्या घरचं न्हवतं. शिजवणारीचा हात मला कळतो. मी ओव्या दिल्या कारण दारात आलेल्याला न्हाई म्हनू नये, पण तू दुसरीचं घर रितं करून माझा डबा भरलास. घर काय रितं ऱ्हात नसतं. ते भरून येतं, आन् ज्यानं नेलं त्याच्याच घरातनं येतं. ज्याचं नेलं तो मोजून घेत न्हाई.

मी हसण्यावारी न्यायला गेले. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या की ती भरायच्या आत तिच्यासमोर बस, तिचं तिला सांगून टाक, कबूल हो. एकदा भरली की मग भरल्या भांड्यात काय वतशील.

कबूल व्हायचं म्हणजे नोकरी गेलीच. मार्चला तीन महिनेही राहिले नाहीत. म्हातारं माणूस आहे, बोलतं काहीबाही. ती सुट्टीवरून आली की बघू.

२७ डिसेंबर, शुक्रवार

निकिता आली. तब्येत सुधारलीय, चेहऱ्यावर तेज आलंय. काल धोंडिबांकडे जाऊन आली. समाधानने त्या मुलाखतीची फाइल ऐकून लिहून काढायला माझ्याकडे पाठवली.

ऐकली. तिने डबा भरला आहे.

तिचे पप्पा पेंटर होते. चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी विहारासमोर कमानीवर अक्षरं काढत होते. ती खाली निळ्या रंगाचा डबा धरून उभी होती.

मी हेडफोन काढले आणि जिना उतरून खाली रस्त्यावर गेले. ही चौगुल्यांची पोर. आयुष्यात कधी बार्शीला गेलेली नाही. आणि ती दुपार मी कुणालाही, कुणालाही सांगितलेली नाही.

परत येऊन पुढचं ऐकलं. सगळ्यात वाईट काय तर ती सुंदर सांगते. माझ्यापेक्षा. मानेवरच्या श्वासापाशी ती थांबते आणि मग रडते, आणि ते रडणं खरं आहे. माझ्या बापासाठी ती माझ्याहून चांगली रडते.

मी डोळे मिटून शिडी आठवायचा प्रयत्न केला. माग चालू होते. चाळीसच्या चाळीस.

३० डिसेंबर, सोमवार

केलं कबूल. सरुबाईंनी सांगितलं तसं. गच्चीवर तिला बसवलं आणि तिचे माग, तिचे आजोबा, पंचगंगा, मैत्रीण, आई, सगळं तिच्यासमोर ओतलं. म्हटलं, हे तुझं आहे, मी चोरलं, परत घे.

तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली की किती छान आहेत गं तुझ्या आठवणी, मला वाटलं होतं तू बार्शीची आहेस. मी तिचे खांदे धरून हलवले. ती रागावली नाही. उलट माझे डोळे पुसले. मग म्हणाली की एवढं दिलंस तर माझंही एक घे. आणि पप्पांची दुपार सांगायला लागली. मी कान झाकले.

तिचं भरून झालंय. उशीर केला मी. ते बारा दिवस मी मार्च मोजत बसले होते.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आईचा फोन. खुशीत होती. तुझी मैत्रीण निकिता फोन करते अधूनमधून, फार गोड पोरगी आहे म्हणाली. मी विचारलं, तिला नंबर कुणी दिला? कुणी नाही, तिला पाठच आहे म्हणे. दोघी तासभर तुझ्या पप्पांवर बोललो, ती शिडीवरची गोष्ट तिने सांगितली, मला माहीतच नव्हती. तू कधी बोलली नाहीस गं.

मी म्हटलं, आई, ती माझी आहे. आई म्हणाली, काय तुझी?

मला सांगता आलं नाही. शब्द होते. आत काही नव्हतं. मी या वहीचं पहिलं पान उघडलं आणि ते फोनवर वाचून दाखवलं. आई म्हणाली, हो, निकिताने असंच सांगितलं, पण तिने सांगितलं तेव्हा डोळ्यांसमोर आलं.

एवढा राग मला कधी आला नव्हता. मी फोन भिंतीवर आपटला.

११ जानेवारी, शनिवार

नियम कळला. तिच्याशी बोलायचं नाही. तिला जे सांगते ते तिच्याकडे जातं आणि माझ्याकडे राहत नाही. मंगळवारी सोलापूरच्या व्हायवाचं काहीतरी बोलून गेले, बुधवारी जेवताना ते तिनेच सगळ्यांना सांगितलं, सगळे हसले, मीही हसले. मला नवीन होतं. नंतर या वहीत शोधलं. पीएच.डी. एवढंच लिहिलंय.

न बोलताही जातंय. सावकाश. आमच्या गल्लीचं नाव. आईची साडी, कामावर जायची, कोणत्या रंगाची —

मी चारच घेतल्या होत्या. चार. हा कुठला हिशोब?

त्या चारही आता फिकट झाल्या आहेत. दुसऱ्याच्या घरचं टिकत नाही. शेवटी आवाज तेवढा उरतो, खडखड.

१९ जानेवारी, रविवार

आई येणार होती. स्वारगेटला दीड तास आधी जाऊन उभी राहिले. हातावर पेनाने लिहून घेतलं होतं: आई. बुटकी. चष्मा. उजव्या हातावर गोंदण.

बार्शीची गाडी लागली. उतरली. मी ओळखलं. हातावर बघून का होईना, ओळखलं. पुढे झाले.

अहो ताई, जरा वाट द्या, म्हणाली.

मागे निकिता उभी होती. आई तिला तनू म्हणाली. तिच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं मोडली. निकिताने बॅग घेतली. रिक्षात बसताना निकिता एकदा वळली. तिला वाईट वाटत होतं. खरंच वाटत होतं, कारण ती मुळात वाईट नाहीच. हेच मला सहन होत नाही. वाईट असती तर बरं झालं असतं.

माझी आई. तिच्या गळ्यात हात घालून —

२८ जानेवारी, मंगळवार

सरांना सगळं सांगितलं. वही दाखवली. त्यांनी माझ्या मेंदूचा स्कॅन करून घेतला. त्यात काही नाही म्हणाले. मग हळूच म्हणाले की तुमची केस आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, तनुजा, मुलाखत द्याल का. घेणारी एकच चांगली आहे.

राधाकाकूंनी चहा आणून दिला. वड्याही. हे माझ्यासाठीच आहे का असं मी विचारलं. त्यांना प्रश्न कळला नाही. मलाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

नाही म्हणायला हवं होतं. पण गेले. पप्पा ऐकायला गेले. दुसरीकडे कुठे ते आता —

निकिता समोर. मधे रेकॉर्डर. तिने आधी आपलं दिलं. शिडी, ब्रश, हातावर हात. मी हमसून रडले. कुणाला असे वडील असतात. किती नशीबवान.

मग माझी पाळी. तसंच उठून यायचं नाही, काहीतरी द्यायचं, एवढं मला अजून येतं.

शोधलं. आवाज नाही. गाव नाही. गोंदण कुणाच्या हातावर ते —

एकच सापडलं. तिच्यावर जळते ते. ते तेवढं माझं. खरं, स्वतःचं, उसनं नाही. ते आहे तोवर मी आहे, हे कळत होतं मला. हातातून सोडू नये हेही कळत होतं. पण ती वाट बघत होती. इतक्या मायेने —

सांगितलं. हाळीपासून, वड्यांपासून, सगळं. शेवटपर्यंत. तिने माझा हात धरून ऐकलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज फार बरं वाटतंय. हलकं.

निकिता मॅडमची जागा कायम होणार. पेढे मीच वाटले. त्या मात्र सकाळपासून गप्प आहेत, माझ्याकडे जरा विचित्र बघतात, रागावल्यासारखं. का ते कळत नाही. फार चांगल्या आहेत.

त्यांच्या आई आल्या होत्या केंद्रात. बार्शीच्या. बुटक्या, चष्मा. सगळ्यांना शेंगदाण्याची चटणी वाढली. माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या. पदराने माझा गाल पुसला. गालाला काही लागलेलं नव्हतं. आपण का पुसला ते त्यांनाच उमगेना, हात तसाच राहिला. डोळे भरले होते. मॅडम मागून हाका मारत होत्या, आई चल, आई चल म्हणून, पण त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, बाळ, तुझी आई कुठं असते गं.

अगदी ओठांवर होतं. मी म्हटलं, माझी आई —